मालाची साखळी आणि बाईचे नेतृत्व

(बेंगळुरू येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला दिलेला विषय आहे ‘पुरवठा साखळीच्या व्यवस्थापनात स्त्रीचे नेतृत्व’. व्यवस्थापनाच्या शाळांत हा विषय शिकवताना सांगतात, की बाईने शिकावे, धीट व्हावे आणि एक दिवस खरेदी खात्याची किंवा वाहतूक खात्याची प्रमुख व्हावे. अशा स्त्रिया झाल्या आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या सुमतीबेन मोरारजी १९५६ साली जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. पण सुमतीबेन मालकाच्या घरातून आल्या होत्या. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईसाठी ही शिडी कुठे लावलेली आहे, हा प्रश्न विचारायचे काम आपले आहे, आणि तो विचारायला बेंगळुरूसारखे दुसरे गाव नाही.

पीण्या, बोम्मनहळ्ळी, होसूर रोड या भागांतील तयार कपड्यांच्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. त्यांनी शिवलेला शर्ट युरोप-अमेरिकेच्या दुकानात टांगला जातो. तिथून इथपर्यंतची जी रांग, तिलाच पुरवठा साखळी म्हणतात. वर परदेशी ब्रँड, खाली त्याचे खरेदी कार्यालय, त्याखाली निर्यातदार, मग कारखाना, मग शिलाईची लाइन आणि शेवटी टेलर बाई. ब्रँड दोन गोष्टी ठरवतो : भाव आणि तारीख. माल जहाजाच्या तारखेला निघाला नाही, तर तो विमानाने पाठवावा लागतो आणि त्या जादा भाड्याचा बोजा बहुधा निर्यातदारावर येतो. निर्यातदार तो मॅनेजरवर ढकलतो, मॅनेजर सुपरवायझरवर आणि सुपरवायझर बाईवर. तासाचे टार्गेट वाढते, पाणी प्यायला उठणेही गुन्हा ठरतो. ऑर्डर वरून खाली येते तशी सक्तीही वरून खाली येते. पैसा मात्र वरच अडकून राहतो.

आता या साखळीत बाईला ‘वर’ नेण्याचे जे प्रयत्न झाले, ते तपासून पाहू. अमेरिकेच्या गॅप कंपनीने २००७ साली ‘पेस’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. संवाद, वेळेचे नियोजन, अडचणी सोडवणे असे विषय त्यात शिकवले जात. याच बेंगळुरूत शाही एक्स्पोर्ट्सच्या कारखान्यांत त्याची शास्त्रीय पाहणी झाली. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांना आढळले, की शिकलेल्या बायकांची उत्पादकता चांगलीच वाढली आणि कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट फायदा झाला. बायकांचा पगार मात्र शेकडा अर्ध्याच्या आसपास वाढला.

भगिनींनो, हा आकडा पाठ करून ठेवा. शिक्षणाला आमचा विरोध नाही. बाई शिकली, बोलू लागली, हे चांगलेच झाले. पण वाढलेल्या कामाचा वाटा मागणारी संघटना सोबत नसेल, तर बाईच्या शिक्षणाचे व्याज दुसराच खातो. बढतीचेही तेच. एखादी बाई सुपरवायझर झाली आणि तिच्या हातात टार्गेटचा कागद तोच राहिला, तर सक्ती पुरुषाच्या आवाजाऐवजी बाईच्या आवाजात येते, एवढाच फरक. म्हणून नेतृत्वाची आमची कसोटी वेगळी आहे. भाव आणि तारीख यांना प्रश्न विचारण्याची ताकद ज्या बाईकडे आली, ती नेता. मग तिला खुर्ची असो वा नसो.

अशा नेतृत्वाची उदाहरणे इथलीच आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला, की भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ वर्षांपर्यंत काढता येणार नाही. शिलाई कारखान्यातली बाई त्या वयापर्यंत मशीनवर टिकतच नाही. मुलीचे लग्न, आजारपण, गावचे कर्ज यांसाठी तिची हीच शिल्लक असते. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या बायका रस्त्यावर आल्या, १९ तारखेला हजारो कामगार उतरले आणि होसूर रोड ठप्प झाला. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिलेली नव्हती. लाठ्या पडल्या, अटका झाल्या, पण १९ तारखेलाच सरकारला नियम मागे घ्यावा लागला. त्याचा लाभ देशभरच्या कामगारांना झाला, गिरणीतल्या आणि बँकेतल्यासुद्धा. हे ऋण आपण सर्वांनी मानले पाहिजे.

पण उसळलेली लाट ओसरते. ती टिकवायला संघटना लागते. ‘मुन्नडे’ या कन्नड शब्दाचा अर्थ ‘पुढे चला’. या नावाने शिलाई कामगार स्त्रियांनी आधी मंडळ उभे केले, आणि पुढे २०१२ मध्ये गारमेंट लेबर युनियन उभी राहिली. तिच्या अध्यक्ष रुक्मिणी या स्वतः कारखान्यात काम केलेल्या. बाईची ‘करिअर’ म्हणतात ती अशीही असते : मशीन, मंडळ, मग युनियनची अध्यक्ष.

दुसरे उदाहरण श्रीरंगपट्टणचे. जून २०२० मध्ये गोकलदास एक्स्पोर्ट्सच्या तिथल्या कारखान्यातून बाराशेहून अधिक कामगार कमी केले गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया. कोरोनाचा काळ, तरी त्या कित्येक आठवडे कारखान्यात ठिय्या देऊन बसल्या. आपण शिवतो तो माल एच अँड एमसाठी जातो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या गारमेंट अँड टेक्स्टाइल वर्कर्स युनियनने इंडस्ट्रिऑल या जागतिक महासंघामार्फत तो धागा पकडून थेट ब्रँडपर्यंत प्रश्न नेला. तो कारखाना वाचला नाही. पण २०२१ च्या सुरुवातीला कामगारांना त्याच समूहाच्या इतर कारखान्यांत पुन्हा घेण्याचा करार झाला. साखळी ज्याला समजली, त्याला ती कुठे ओढायची हेही समजते.

तिसरे उदाहरण शेजारच्या तमिळनाडूचे. दिंडीगुल भागातील एका कारखान्यातील कामगार तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला आणि तिथल्या लैंगिक छळाला वाचा फुटली. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील युनियन आणि तिच्या अध्यक्ष दिव्या राकिणी मागे हटल्या नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये ‘दिंडीगुल करार’ झाला. कारखान्याने करार पाळला नाही तर त्याच्या धंद्यावर परिणाम होईल, असे बंधन एच अँड एम, गॅप आणि पीव्हीएच या ब्रँडांनी स्वीकारले. लाइनवर देखरेख करायला युनियनने निवडलेल्या बायकाच प्रशिक्षित झाल्या. हेही साखळीचे व्यवस्थापनच आहे, फक्त खालून केलेले.

आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना या गोष्टीची जुनी ओळख आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी त्यांना संपात उभे केले. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा आला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये कायदेमंडळात बोलले होते. पण पुढे यंत्रे बदलत गेली तशा बायका खात्यांतून कमी होत गेल्या आणि त्यांच्या जागा राखायला संघटना अपुऱ्या पडल्या. मिळालेला हक्क रोज राखावा लागतो, हाच त्यातला धडा.

मग उद्यापासून करायचे काय?

पहिले, आपल्या कारखान्याची साखळी कागदावर काढा. लेबल कोणाचे, माल कुठे जातो, तारीख कोण ठरवतो, हे प्रत्येक सभासद बाईला सांगता आले पाहिजे.

दुसरे, समित्यांत शिरा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री हवी आणि निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तक्रार निवारण समितीवर स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा आहेत. नव्या संहितांवरील आमचे आक्षेप कायम आहेत. पण जी जागा कायद्याने दिली ती मालकाच्या मर्जीतल्या नावांनी भरू देऊ नका.

तिसरे, प्रशिक्षण आले की त्यासोबत वेतनश्रेणी मागा. बढतीची यादी फलकावर लावायला लावा.

चौथे, पाळणाघराचा प्रश्न सोडू नका. सभा संध्याकाळी आणि मूल घरी, अशा स्थितीत बाई नेता होणार कशी? हा प्रश्न मालकालाच नव्हे, आपल्या युनियनच्या कचेरीलाही विचारा. सभा जेवणाच्या सुट्टीत किंवा वस्तीत घ्या. व्यासपीठावर हार घालायला एक बाई आणि निर्णय घ्यायला सगळे पुरुष, हे आपल्याच घरात चालत असेल, तर ब्रँडला जाब विचारायला आपले तोंड राहत नाही.

भगिनींनो, ही साखळी तुमच्या हातांनी विणली जाते. तुमचे हात थांबले की ती जहाजापर्यंत पोचत नाही, हे होसूर रोडने दोन दिवसांत दाखवून दिले. आता तेच रोज, शांतपणे, युनियनच्या पावतीपुस्तकासह करून दाखवायचे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!