इंजिनाची नाडी

पुणें शहराच्या दक्षिणेस कात्रजचा घाट चढतांना मोटारीच्या आवाजाकडे ज्यानें लक्ष दिलें असेल, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट आल्यावांचून राहिली नसेल. चढण लागली कीं चालक गिअर बदलतो. गाडी मंदावते, परंतु इंजिनाचा घोष मात्र वाढतो. समोरचा कांटा ताशीं वीस-पंचवीस किलोमीटर दाखवीत असतो, आणि त्याच क्षणीं इंजिन सपाटीवर भरधांव जातांना फिरतें तितक्याच जलद फिरत असतें. गाडीचा वेग निराळा आणि इंजिनाचा वेग निराळा, हा धडा कात्रजचा घाट प्रत्येक प्रवाशास फुकट शिकवितो.

पुण्यास समुद्र नाहीं. तथापि इंजिनांशीं या प्रदेशाचा संबंध जुना आहे. १९४६ सालीं खडकी येथें तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा किर्लोस्करांचा कारखाना निघाला. त्याच्या आदल्याच वर्षीं लोणावळ्यास आरमारी यंत्रज्ञांस शिक्षण देणारें ‘शिवाजी’ हें केंद्र सुरू झालें, तें आजही चालू आहे. तेव्हां घाटावरील श्रोत्यांनीं कोंकणच्या होडीवरील इंजिनाचा घटकाभर विचार करावा, हें अप्रस्तुत नव्हे.

होडीची गोष्ट मोटारीहून अवघड आहे. रस्त्यावर चढ-उतार डोळ्यांस दिसतात. पाण्यावर तसें कांहीं दिसत नाहीं. शिडाच्या होड्यांवर इंजिनें बसलीं तीं मुख्यतः स्वातंत्र्योत्तर काळांत. त्यांपैकीं कित्येक जुनीं इंजिनें हँडल मारून सुरू होणारीं व बॅटरीवांचून चालणारीं. फेरे दाखविणारी तबकडी त्यांवर असतेच असें नाहीं. तेथें तांडेल कानावर विसंबतो. तो कान सामान्य नव्हे. आवाज बदलला हें त्यास इतरांच्या आधीं कळतें. परंतु कान तुलना करतो, मोजणी करीत नाहीं. मिनिटास बाराशें फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत मिनिटास सहाशें, म्हणजे सेकंदास दहा स्फोट होतात. दहा झाले कीं अकरा, हें कोणता कान सांगूं शकेल?

आणि नेमका हा एका स्फोटाचा फरकच महाग पडतो. पाण्यांतील पंख्यास लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, असा स्थूल नियम आहे. म्हणजे फेरे एक दशांशानें वाढविले कीं शक्ति सुमारें एक तृतीयांशानें अधिक लागते. दट्ट्याच्या जोडदांड्यावर त्याच्या गतीमुळें येणारा ताणही शेंकडा एकवीस अधिक होतो. नवें इंजिन हा जाच कांहीं काळ सोशील. तीस-चाळीस वर्षें झिजलेलें जुनें इंजिन सोसेलच असें नाहीं. बंदरांत इंजिन बंद पडलें तर दिवस फुकट जातो. किनारा दृष्टीआड असतां, वारा उलटलेला असतां तें मोडलें, तर होडीवरील माणसांच्या जिवाशींच गांठ पडते.

फेरे मोजण्याची विद्या मात्र दोनशें वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडांतील यंत्रज्ञ ब्रायन डाँकिन यास अशा मापकाबद्दल १८१० सालीं सोसायटी ऑफ आर्ट्‌स या संस्थेचें सुवर्णपदक मिळालें. त्याच्या मापकांत पाऱ्याची वाटी फिरे. वेग वाढला कीं पारा कडेस चढे व मध्यभागीं खोल जाई, आणि त्या खोलीवरून वेगाचें अनुमान होई. पुढें १९०२ सालीं जर्मन यंत्रज्ञ ओटो शुल्झे यानें निराळ्या रचनेचें पेटंट घेतलें. तींत फिरणारें लोहचुंबक धातूच्या वाटीस स्पर्श न करतां तिला आपल्याबरोबर ओढूं पाहतें, बारीक स्प्रिंग तिला मागें खेंचते, आणि या ओढाताणींत कांटा जेथें स्थिरावतो तो वेगाचा आंकडा. या रचनेस बॅटरी लागत नाहीं. म्हणूनच जुन्या इंजिनास जुना यांत्रिक फेरेमापक आजही शोभतो आणि उपयोगीं पडतो.

मात्र तो बसवितांना एका प्रश्नाचें उत्तर आधीं मिळवावें लागतें: इंजिनाच्या एका फेऱ्यास मापकाची केबल किती फेरे घेते, आणि मापक किती फेऱ्यांच्या हिशेबानें बनविलेला आहे? फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टचा एक होतो. क्रँकच्या वेगासाठीं बनविलेला मापक कॅमशाफ्टला जोडला तर इंजिन पंधराशें फेरे घेत असतां कांटा साडेसातशें दाखवील. तांडेल निश्चिंतपणें तेल वाढवील. आणि गव्हर्नर झिजलेला असला तर त्यास अडविणारें कोणी उरणार नाहीं. उलट चूक झाली तर कांटा दुप्पट दाखवील; त्यांत होडी रेंगाळेल, इतकेंच. मापक नसलेला तांडेल निदान सावध तरी असतो. खोटा मापक ती सावधगिरीच काढून घेतो.

यास उपाय सोपा आहे. तेल बंद करावें, डिकॉम्प्रेशनचा खटका उघडावा, फ्लायव्हीलवर खडूची खूण करावी आणि केबलच्या मोकळ्या टोंकास कागदाचा तुकडा चिकटवावा. नंतर फ्लायव्हील हातानें बरोबर दहा वेळां फिरवून कागदाचे फेरे मोजावे. मोजणी फ्लायव्हीलचीच करावी, हँडलची नव्हे. कारण कांहीं इंजिनांत हँडल कॅमशाफ्टवर बसतें व तेथेंच हिशेब चुकतो. पुष्कळ जुन्या तबकड्यांवर हें प्रमाण बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. दोन्ही प्रमाणें जुळत नसतील तर मध्यें दांत्यांच्या चक्रांची लहान पेटी घालावी. साधा पट्टा घसरतो, आणि घसरलेला पट्टा इंजिनाचे फेरे कमी सांगतो. फिरण्याची दिशाही पाहावी. ती उलट असेल तर कांटा शून्यापलीकडे रेटला जातो.

केबल नेतांना तिला तीव्र वळण देऊं नये व धुराच्या नळीजवळून नेऊं नये. आंतील तारेस ग्रीस हलकें लावावें आणि मापकाकडील वीतभर भाग कोरडा ठेवावा. नाहीं तर ग्रीस वर चढून तबकडींत शिरतें. कांटा थरथरूं लागला तर दोष प्रथम केबलच्या वळणांत शोधावा.

इतकें झाल्यावरही कांट्यावर लगेच विश्वास टाकूं नये. हातांत धरून शाफ्टच्या टोंकास टेंकवावयाचा गणक आणि सेकंदाचें घड्याळ घेऊन तीन निरनिराळ्या वेगांस पडताळा पाहावा. आज प्रकाशाच्या किरणानें फेरे मोजणारीं यंत्रें मिळतात. फ्लायव्हीलवर चकचकीत पट्टी चिकटविली कीं त्यांनीं तेंच काम होतें. जो फरक आढळेल तो लिहून मापकाजवळ लावावा, आणि इंजिनाच्या कमाल वेगाशीं तांबडी खूण करावी.

यानंतर हा कांटा नाडीसारखा बोलूं लागतो. पूर्ण तेल दिलें असतां गेल्या महिन्यांत जितके फेरे मिळत तितके आज मिळत नाहींत, असें दिसलें तर होडीच्या तळास शेवाळ व कालवें धरलीं असतील, पंख्यास जाळें गुंतलें असेल, किंवा इंजिनाची शक्तिच उणावली असेल. फेरे चढतात पण होडी पुढें सरत नाहीं, तर पंख्याचें पातें तुटलें असेल. दुखणें कोणतें हें माणसानेंच ओळखावयाचें. कांटा तें वेळेवर सांगतो.

कात्रजचा घाट चढणाऱ्या चालकास चढण डोळ्यांसमोर दिसते, म्हणून तो वेळीं गिअर बदलतो. होडीची चढण पाण्याखालीं असते. ती तांडेलास दिसावी एवढ्यासाठींच ही लहानशी तबकडी. आणि ती पडताळून बसविली असेल तरच तिचा भरंवसा धरावा.