अखेरचे सत्र : श्रद्धा आणि भवितव्य



पदवीचे अखेरचे सत्र संपत आले की विद्यार्थ्याची पावले देवळाकडे अधिक वेळा वळू लागतात. वडीलधाऱ्यांना त्याचे कौतुक वाटते, समवयस्क थट्टा करतात. परंतु गाभाऱ्यासमोर हात जोडून तो नेमके काय मागतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. गुणांची मागणी तर असतेच. तिच्या आड मात्र 'पुढे काय?' हा मोठा प्रश्न उभा असतो.

वांकिडीसारख्या सीमेवरील गावी हा प्रश्न अधिकच बिकट होतो. घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी, अशा तीन भाषांतून येथील मराठी घरच्या मुलामुलींना वाट काढावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. वांकिडी आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये आदिलाबादचे विभाजन होऊन गाव आसिफाबाद जिल्ह्यात आले. सीमा बदलल्या, शिकून कोणत्या दिशेस जावे, हा पेच मात्र कायम राहिला.

अशा वेळी जुन्या हैदराबाद संस्थानातील विद्यार्थ्यांचे स्मरण उपयोगी पडेल. १९३८ च्या अखेरीस वसतिगृहांतील प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. संप झाला आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. प्रार्थना सोडावी की पदवी, असा तो प्रसंग होता. वर्ष बुडणार, घरची मंडळी हवालदिल होणार, हे त्या तरुणांना दिसत होते. तरीही ते मागे फिरले नाहीत.

त्या वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या परक्या संस्थानातील विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्यांच्यात वरंगळकडचा एक तेलुगू तरुण होता. पुढे त्याने हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी तेलुगूत नेली आणि १९९१ मध्ये तो देशाचा पंतप्रधान झाला. ते पी. व्ही. नरसिंह राव होत. संकटात सोडावी लागलेली वाट त्यांना नव्या भाषेच्या घरी घेऊन गेली.

सर्वच विद्यार्थी पंतप्रधान होत नाहीत, आणि श्रद्धेची परीक्षा यशावरून करूही नये. अभ्यास न करता नवस बोलणे ही श्रद्धा नव्हे. केलेल्या अभ्यासाचे फळ लांबले तरी मन न ढळू देणे, ही श्रद्धा होय. अखेरच्या सत्रात एखादा विषय राहिला, नोकरीचे पत्र आले नाही, म्हणून ज्याचा देवावरचा आणि स्वतःवरचा विश्वास उडत नाही, त्याचे भवितव्य अर्धे घडलेलेच असते.

उरलेले अर्धे घडविणे वडीलधाऱ्यांच्या हाती असते. नागपूरने दार उघडले नसते, तर त्या तरुणांच्या निश्चयाला वाट कोठून मिळाली असती? पालखीची पाळी, उत्सवाची वर्गणी, देवस्थानचा हिशेब ही महाजनांची कर्तव्ये होतच. त्यांच्या जोडीला आणखी एक कर्तव्य मानावे. परगावी शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला चंद्रपूर, नागपूर वा हैदराबाद येथील महाजनाच्या घरी चार दिवसांचा निवारा मिळावा. फी भरण्याची मुदत टळत असेल, तर कोणाचा तरी हात पुढे यावा. उत्सवाला येता आले नाही म्हणून त्या मुलाला बोल लावण्याआधी त्याची परीक्षा कोणत्या दिवशी आहे, एवढे तरी घरातील थोरांनी विचारावे.

असे झाले, तर अखेरच्या पेपरनंतर तो विद्यार्थी देवळात येईल, तेव्हा 'पुढे काय?' हा प्रश्न त्याला एकट्याला वाहावा लागणार नाही.