मजुराला आधी काय दिसावे?

(कळवण येथील सहभागिता सभेत केलेले भाषण)



हंगाम आला की आपल्या पाड्यांवरची माणसे पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून दिंडोरी-निफाडकडे जातात. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, पुढे कांद्याची लागवड. काम किती तास, मजुरी किती, हे पुष्कळांना शेतावर पोहोचल्यावरच कळते. म्हणून आमच्या काही तरुणांनी तासावारी मजुरांसाठी मोबाइलवर ॲप करायला घेतले. पाड्यावर ते दाखवायला मीही गेलो.

पोरे हौसेने सांगत होती, "मालकाला मजुराचं नाव, वय, कोणतं काम येतं, सगळं दिसेल." चुलीपाशी बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, अन् मालक कसा आहे, ते आम्हाला कुठं दिसंल?" मागच्या हंगामात त्यांची आठ दिवसांची मजुरी बुडाली होती. शिवाय घरातला एकुलता फोन मुलगा घेऊन जातो, हेही त्यांनीच सांगितले.

आम्ही निरुत्तर झालो. मजुराचे भले करायला निघालो होतो, पण सगळी सोय मालकाची केली होती.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा धनी आठवा. त्याने पहाटेच्या मजुरांशी मजुरी आधी ठरवली आणि ती त्याच संध्याकाळी चुकती केली. सूर्य मावळण्यापूर्वी गरिबाची मजुरी द्या, अशी आज्ञा अनुवाद २४ मध्येही आहे.

मग आम्ही आराखडा उलटा केला. गाव, काम, तास, मजुरी, जाण्यायेण्याची गाडी आणि पैसे कधी मिळणार, हे मालकाने आधी लिहायचे. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी ते काम यादीत येणार नाही. एकाच कामाला बाईचा दर कमी लिहिता येणार नाही. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. साध्या फोनवर निरोप बोलून सांगितला जाईल, तोही कोकणा बोलीत. आणि संध्याकाळी मजुरालाच विचारले जाईल, "पैसे हातात पडले का?"

ॲप अजून पुरे झालेले नाही. त्यासाठी आपल्या प्रार्थना हव्यात, देणगीही हवी. पण आपल्यापैकी ज्यांची शेती आहे, त्यांच्याकडे माझे आणखी एक मागणे आहे. पहिले रकाने तुम्ही भरा, आणि मावशींना दिसू द्या की मालक कसा आहे.