दुकान बंद झाले, पिणाऱ्याचे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाची पट्टी हातात पडली की तिचा वास सगळ्यात आधी लागतो तो दारूच्या गुत्त्याला. सोसायटीच्या आधी, बियाण्याच्या आधी, लेकरांच्या फीच्या आधी पैसा तिथे जातो. म्हणून गावोगावच्या बाया उठल्या, मतदान करून बाटली आडवी केली. गडचिरोलीच्या लोकांच्या लढ्यामुळे तर १९९३ साली अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. या लढ्यांचा मान ठेवूनच मी आज वेगळा प्रश्न विचारतो. दुकान बंद झाले. पण ज्याची सकाळ दारूशिवाय उजाडत नाही, त्या माणसाचे काय?

त्याच्यासाठी आपल्याकडे दोनच उपचार आहेत : शपथ आणि मार. कपाशीवर लाल्या आला तर आपण झाडाला शिव्या देत नाही, जमिनीत काय कमी पडले ते बघतो. माणसाच्या बाबतीत एवढेही करत नाही.

पिणारे सगळे सारखे नसतात. एक असतो बाजाराच्या दिवशी पिणारा. पितो, पैसा घालवतो, भांडतो. पण चार दिवस मिळाली नाही तर अंगाला काही होत नाही. दुसऱ्याला सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो, नाहीतर हात थरथरतात. पहिल्याला सवय आहे, दुसऱ्याला आजार. दोघांना एकच औषध चालणार नाही.

पहिल्यासाठी मोठा डॉक्टर लागत नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांवर याची परीक्षा झाली. निकाल २०१७ साली छापून आले. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी घातक पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. कधी पितोस, कोणाबरोबर पितोस, पैसा किती जातो, हे त्याच्याच तोंडून काढले आणि पुढचा रस्ता त्यालाच ठरवू दिला. वर्षभरानंतर अशा शंभरांतल्या सुमारे ५४ जणांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात ३२ होते. एवढे काम आपल्या गावातली आशाताई, शिकलेला पोरगा किंवा स्वतः दारू सोडलेला माणूस शिकू शकणार नाही का?

दुसऱ्याची गोष्ट वेगळी. पक्के व्यसन जडलेल्यांना गोव्याच्या त्या परीक्षेत घेतलेच नव्हते. अशा माणसाला खोलीत कोंडून एका दिवसात दारू तोडली तर जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जण बरळतात, नसलेली माणसे दिसतात, घरच्यांना ओळखत नाहीत. आपण म्हणतो बाहेरचे लागले, आणि भगताकडे नेतो. तेवढ्या वेळात माणूस हातचा जातो. ही दवाखान्यात न्यायची वेळ आहे; १०८ ची गाडी बोलवा. झटका आला तर कुशीवर वळवा. नाकाला चप्पल, कांदा लावू नका, तोंडात काही घालू नका.

म्हणून आधी दवाखाना ठरवा, मग सोडायचा दिवस. पहिले काही दिवस डॉक्टर झोपेची, झटके रोखणारी गोळी देतात आणि ती हळूहळू कमी करतात. ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारा. दारूने शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते.

मायबहिणींनो, तुम्हाला एक विनंती. दारू सोडवणारी गोळी चहात, वरणात गुपचूप घालू नका. त्यातली डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना तो प्याला तर रक्तदाब कोसळतो, प्राणावर बेतते. ती फक्त त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायची असते.

तुम्ही म्हणाल, व्यसनमुक्ती केंद्र शहरात. बैल कोण बांधेल, फवारणी कोण करेल? तमिळनाडूत मंजकुडी या खेड्यात १९८९ पासून याचे उत्तर शोधले गेले. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन संस्थेने दवाखानाच खेड्यात नेला. तिथल्याच लोकांच्या मदतीने सुमारे १५ दिवसांचे शिबिर, औषध, समुपदेशन, घरच्यांचीही बैठक. वेचणी संपल्यावर, पेरणीच्या आधी आपल्या तालुक्यात असे शिबिर का होऊ नये? जागा आणि भाकरी गावाची, डॉक्टर आणि औषध सरकारचे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा सरकारचाच आहे. भीक नाही, हक्क म्हणून मागा.

शिबिरातून परत आलेला माणूस पुन्हा पिऊ शकतो. आजार उलटला म्हणून रोग्याला कोणी टाकून देत नाही. सोडलेल्या चार जणांनी दर आठवड्याला पारावर बसावे, पोळ्याला आणि लग्नात एकमेकांना सांभाळावे.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी कराव्यात. बोलायला शिकेल असा एक माणूस निवडावा. आपल्या आरोग्य केंद्रात दारू सोडवण्याची औषधे आहेत का, हे लेखी विचारावे. आणि टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर पंचायतीच्या भिंतीवर रंगवावा.

बाटली आडवी करण्याची ताकद गावाने दाखवली आहे. आता आडवा पडलेला माणूस उभा करायचा आहे.