आधी यादी, मग गाडी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे 'पूर मदत पथकांची बांधणी' असा विषय छापला आहे. पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा विषय योग्यच आहे. पण आम्ही सुरुवात एका मोर्चापासून करणार आहोत. तो मोर्चा युद्धाविरुद्ध होता. त्यात आम्ही जी चूक केली, तीच चूक सोळा वर्षांनी महापुरात पुन्हा केली. दोन्ही वेळा एकाच माणसाने आम्हाला ती दाखवून दिली. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

२००३ सालची गोष्ट. आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत होतो. अमेरिका इराकवर चाल करून जाणार हे दिसत होते. १५ फेब्रुवारीला जगातल्या शेकडो शहरांत लाखो माणसे युद्ध नको म्हणून रस्त्यावर आली. तरीही २० मार्चला हल्ला झालाच. त्यानंतर आम्ही काही विद्यार्थी आणि चळवळीतले जुने कार्यकर्ते मिळून तालुक्याच्या गावी मोर्चा काढला. साठ-सत्तर माणसे असतील. बाजाराचा दिवस होता. लोक म्हणत, "उसाचं बिल अजून हातात नाही आणि ही पोरं निघाली इराकला!"

त्या हसण्याचे आम्हाला काही वाटले नाही. वाटले ते पुढे. आमच्या एका घोषणेत शिपायाला 'भाडोत्री' म्हटले होते. चौकात एक निवृत्त सुभेदार सायकल धरून उभे होते. आमच्याच शेजारच्या गावचे. १९७१ ची लढाई केलेले. ते पुढे आले आणि म्हणाले, "युद्ध वाईट असतं हे तुम्ही मला शिकवू नका, ते मी पाहिलंय. पण पोरगा भरतीला का जातो, ते कधी विचारलंत का? रान कोरडवाहू, वाटणीला एकर-दीड एकर. शेतात भागलं असतं तर कोण कशाला गेलं असतं? तुमच्या कागदात त्याची नोंद कुठं आहे?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला त्यांच्या गावच्या चावडीवर घेऊन गेले. भिंतीत एक दगड बसवलेला आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती मेली, एवढेच त्यावर कोरले आहे. असे दगड आपल्याकडे अनेक गावांत आहेत. त्या दगडावर आकडा आहे, पण एकाचेही नाव नाही. इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन त्या युद्धात बसऱ्याला उतरली, म्हणजे आजच्या इराकमध्येच. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा गावात त्या जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण आल्या. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत. तेव्हा इराकशी आपला काय संबंध, असे ज्यांनी हसत विचारले, त्यांच्या पणज्यालाही ते गाव ठाऊक असेल.

त्याच वर्षी अमेरिकेने भारताकडे इराकसाठी सैन्य मागितले. एप्रिलमध्ये लोकसभेने हल्ल्याची निंदा करणारा ठराव केला होता. १४ जुलै २००३ ला सरकारने सैन्य पाठवायला नकार दिला. आमच्या साठ माणसांमुळे हे झाले, असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण देशभर लोक बोलत होते, हे सरकारला ऐकू येत होते. सैन्य गेले असते तर त्यात आपल्या दुष्काळी तालुक्यांतली पोरे असती. म्हणून मोर्चाने काय होते, या प्रश्नाला आम्ही 'काहीच नाही' असे उत्तर कधी देत नाही.

युद्धाचा शेतीशी संबंध आहे तो आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणूनही सांगतो. इराकच्या अबू घ्रेब गावी त्यांची राष्ट्रीय बियाणे पेढी होती. गहू, सातू, हरभरा, मसूर यांच्या जुन्या वाणांचा तो ठेवा. टायग्रिस-युफ्रेटिसच्या त्या पट्ट्यात माणसाने गव्हाची शेती हजारो वर्षे केली आहे. २००३ च्या धुमाळीत ही पेढी लुटली गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काही वाण आधीच सीरियात अलेप्पोजवळच्या 'इकार्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे पाठवले होते, म्हणून तेवढे वाचले. पुढे सीरियातच युद्ध पेटले. सुदैवाने इकार्डाने आपल्या बियाण्याचा दुसरा संच नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या कोठारात ठेवला होता. २०१५ साली तो त्यांनी परत मागितला. त्या कोठारातून बियाणे बाहेर काढण्याची ती पहिली वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून पुन्हा वाढवले गेले.

खताचेही तसेच. आपल्या देशात पोटॅश निघत नाही, सगळे बाहेरून येते. रशिया आणि बेलारूस हे त्यातले मोठे पुरवठादार. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि त्या वर्षी पोटॅशचे पोते सतराशे रुपयांपर्यंत गेले. तोफ तिकडे उडाली, बिल इकडे आपण दिले.

आता महापुराकडे येतो.

ऑगस्ट २०१९. कोयना, वारणा, पंचगंगा, कृष्णा सगळ्या एकदम फुगल्या. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. लोकांनी घरांच्या भिंतींवर २००५ सालच्या पुराची खूण करून ठेवली होती. पाणी त्या खुणेच्या पुढे येणार नाही या भरवशावर अनेक जण घरातच थांबले. पाणी खूण ओलांडून गेले. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. नावेत किती माणसे बसली हे मोजायला काठावर कोणी उभे नव्हते.

आम्ही तेव्हा संघटनेचे पूर्णवेळ काम करत होतो. दुष्काळी भागातल्या कार्यकर्त्यांनी दोन दिवसांत ट्रक भरून सामान जमवले. ज्यांच्या जनावरांनी तो उन्हाळा छावणीत काढला होता, त्यांनी कडब्याच्या पेंढ्या दिल्या. हे आम्ही विसरलो नाही, तुम्हीही विसरू नका. ट्रक फाट्यापर्यंतच जाऊ शकला. तिथेच फळी पाडून वाटप सुरू केले. दोन तासांत ट्रक रिकामा. आम्ही खूश! फोटोही काढले.

संध्याकाळी गुऱ्हाळाच्या काहिलीतून तीन माणसे फाट्यावर आली. नदीकाठच्या भोई वस्तीतली. एक आजी होत्या, भिजलेल्या, हातात रिकामी पिशवी. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी आमच्याकडं सगळ्यात आधी आलं साहेब, आणि गाडी पोचलीच नाही." वस्तीतले पुरुष दोन दिवस तीच काहील घेऊन गावातली माणसे बाहेर काढत होते. म्हणून फाट्यावर रांगेत उभे राहायला त्यांच्यातले कोणी नव्हते. ज्यांच्या घरात धट्टेकट्टे तरुण होते, त्यांच्याकडे तीन-तीन पाकिटे गेली होती. जुन्या कपड्यांचा ढीग चिखलात पडून होता. कडबा जनावरे नसलेल्यांनी भिजू नये म्हणून अंगाखाली अंथरला होता.

त्या रात्री आम्हाला सुभेदार आठवले. फोन केला. वय सत्तरीच्या पुढे, तरी सकाळी आले. मोर्चाचा विषय त्यांनी काढला नाही. एवढेच विचारले, "यादी कुठं आहे?" आम्ही म्हणालो, अजून केली नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही काय वाटलं आणि कुणाला वाटलं?" शाळेची एक वही घेऊन ते बसले. गल्लीनिहाय घर, घरात माणसे किती, म्हातारे किती, गरोदर बाई आहे का, औषध चालू असलेले कोण, जनावरे किती, आणि आत्ता सगळे कुठे आहेत. लष्कराची बोट आली तेव्हा तिच्यावरच्या जवानांनी पहिला प्रश्न तोच विचारला. आमच्याकडे वही होती, म्हणून बोट सरळ योग्य दारात गेली. ज्या शिपायाला आम्ही एकदा भाडोत्री म्हटले होते, त्याने आमच्या म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बोटीत बसवले. युद्धाला आमचा विरोध होता आणि आजही आहे. पण शिपायाबद्दलचा तो शब्द आम्ही त्या दिवशी सुभेदारांसमोर मागे घेतला, आणि आज तुमच्यासमोरही घेतो.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. तिथे पुन्हा तोच घोळ. पंचनामा सातबाऱ्यावर होतो. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. खर्च त्याचा, पीक बुडाले त्याचे, भरपाई मालकाच्या नावावर. शेतमजूर बाईचा दोन महिन्यांचा रोजगार बुडाला, त्याला तर रकानाच नाही. भोई मंडळींची जाळी वाहून गेली, ती कोणत्या गटात लिहायची हे कोणाला ठाऊक नव्हते. वहीत ही नावे होती, म्हणून त्यांच्यासाठी भांडता आले. सगळ्यांना न्याय मिळाला असे नाही. निम्म्याहून अधिक अर्ज नामंजूर झाले. पण काही मालकांनी यादी पाहून आपल्या वाटेकऱ्याला अर्धी रक्कम दिली. आपल्यातल्याच काहींनी दिली नाही, हेही सांगितले पाहिजे. ते आज या बैठकीत असतील तर त्यांनी विचार करावा.

बंधूंनो, त्यानंतर जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीना नदीने जमिनी खरवडून नेल्या. जिथे पाण्यासाठी टँकर लागत, तिथे बोटी लागल्या. तेव्हा हा फक्त नदीकाठचा विषय आहे, असे आता कोणत्याही तालुक्याने म्हणू नये.

म्हणून पथकांसाठी आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली, प्रत्येक गावाने मृगाच्या आत घरनिहाय वही पुरी करावी. ती गावाच्या खालच्या टोकापासून, नदीकाठच्या वस्तीपासून लिहायला घ्यावी. वाटप करतानाही तोच क्रम ठेवावा.

दुसरी, कोणत्याही नावेजवळ दोन माणसे मोजायला उभी राहतील. किती माणसे बसवायची हे नावाडी ठरवील, पुढारी नाही.

तिसरी, जुने कपडे गोळा करायचे नाहीत. चारा, पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरिनचे औषध, खराटे, फावडी, मेणकापड, बायकांना लागणारे कापड आणि मोटार दुरुस्त करणारे वायरमन, हे आणायचे. जनावरांना नुसते उसाचे वाढे आठ-आठ दिवस घातले तर अंगातला चुना कमी होतो आणि दुभती जनावरे बसतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत कडबा द्यावा.

चौथी, पाणी ओसरले की उसाला लगेच युरियाचे पोते ओतू नका. आधी चर काढून रानातले पाणी बाहेर घालवा. शेंडा उभा चिरून पाहा. कोंब पांढरा आणि घट्ट असेल तर ऊस वाचेल. कुजून वास येत असेल तर त्यावर आणखी खर्च करू नका. चिखलात काम करणाऱ्यांच्या पायाला जखम असेल तर बूट घालावेत, ताप आला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप अंगावर काढायचा नसतो.

पाचवी, पंचनाम्याच्या वेळी वाटेकरी, खंडकरी, शेतमजूर आणि भोई यांची वेगळी यादी ग्रामसभेच्या ठरावासह तहसीलदाराला द्यायची आणि पोच घ्यायची.

सुभेदार दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांची वही आमच्याकडे आहे. चावडीतल्या दगडावर आकडा आहे, नावे नाहीत. त्यांच्या वहीत मात्र प्रत्येकाचे नाव आहे. युद्धात मेलेला असो की पुरात बुडालेला, गरिबाचा हिशेब दुसरेच कोणी ठेवतात आणि त्याला नुसता आकडा करून टाकतात. उद्या कुठल्याही युद्धाविरुद्ध मोर्चा निघाला तर आम्ही जाऊ, तुम्हीही या. पण त्याआधी वही लिहून या.

बैठक संपल्यावर मागच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गावाने एक घेऊन जावी आणि नेणाऱ्याने आपले नाव नोंदवावे.