अंदमानला कधी जावं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांमध्ये अंदमानची सहल ठरते ती शाळेच्या सुट्ट्या बघून. दिवाळी, नाहीतर मे महिना. आणि तिथल्या समुद्राचा नेमका या दोन वेळी भरवसा नसतो.

मोसमी पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येतो. अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, केरळच्याही आधी पोचतो. आणि दिवाळीला आपलं आभाळ निवळतं तेव्हा तिथे ईशान्येचे वारे पाऊस आणत असतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. २०१६च्या डिसेंबरात हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. वादळी हवामानामुळे बोटी बंद होत्या, शेवटी नौदल धावून गेलं. तीच हवामान-प्रणाली पुढे ‘वरदा’ वादळ होऊन चेन्नईवर धडकली. या बेटांवरून परतायचं तर भरवसा बोटीचाच. ती चुकली की पुढचं मुंबईचं विमानही चुकतं.

म्हणून मी आग्रहानं सांगेन, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत जा. पाणी शांत आणि नितळ असतं, प्रवाळ स्वच्छ दिसतात. मुलं शाळेत असतील तर परीक्षा संपल्या संपल्या निघा, मेवर ढकलू नका. निवृत्त मंडळींनी फेब्रुवारी धरावा. २६ फेब्रुवारी हा सावरकरांचा स्मृतिदिन. त्या सुमारास सेल्युलर जेल पाहण्याची ओढ आपल्या माणसांना असतेच, आणि तिथला प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम उघड्यावर असल्यामुळे कोरडी संध्याकाळ हवीच.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही बघा. भरती-ओहोटी तिथीवर ठरते, हे कोकणातली माणसं जाणतात. नील बेटावरच्या नैसर्गिक खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीलाच चालत जाता येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप मागे हटतं, अष्टमीच्या भांगाला तितकं नाही. पौर्णिमेपेक्षा मी अमावास्या निवडेन, कारण हॅवलॉकच्या किनाऱ्यावर पाण्यातले चमकणारे सूक्ष्मजीव दिसायला काळोख लागतो.

आणि एक. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, डोंबिवलीपेक्षा तासभर आधी. तेव्हा बेटावर जायची बोट सकाळचीच घ्या. दुपारच्या बोटीनं पोचलात तर किनाऱ्यावर उजेड फार थोडा उरेल.