आठ नावांचा शोध
(हीरकमहोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



पाचवीच्या मुलांना वंशवृक्ष काढून आणायला सांगितला की दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एक गोष्ट हमखास आढळते. स्वतःचे नाव, आई-वडील, आजी-आजोबा या तीन पायऱ्या सुबक अक्षरात भरलेल्या असतात. चौथ्या पायरीवर मात्र एखादेच नाव असते आणि ते बहुधा वडिलांच्या वडिलांच्या वडिलांचे असते. उरलेल्या सात चौकटी कोऱ्याच राहतात.

वस्तुतः प्रत्येकाला चार पणजोबा असतात आणि चार पणज्या असतात. ज्या घरांत श्राद्धविधी होतो तेथे वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी आणि पणजी यांची नावे उच्चारली जातात. आईकडील तीन पिढ्यांचेही स्मरण केले जाते. म्हणजे परंपरेने पणजीला विसरू दिलेले नाही. तरीही ‘आमचे घराणे’ म्हणताना डोळ्यांसमोर येते ती एकच उभी रेघ. त्या रेघेबाहेरच्या सात माणसांचेही रक्त, बोली, हातची चव आणि स्वभाव आजच्या मुलांत उतरलेला आहे. त्यांचा शोध कसा घ्यावा, हा या भाषणाचा विषय आहे.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांना हा शोध थोडा अधिक कठीण जातो. कुणाचे पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजांबरोबर वा दप्तरांबरोबर आले. कुणी काशीला विद्येसाठी आले. पुढे रेल्वे, टपाल, लष्करी हिशेब आणि कापडगिरण्यांनी अनेकांना परमुलखात आणले. माणूस इकडे आला आणि त्याची कागदपत्रे मूळ गावी राहिली. तंजावरच्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. दूरदेशी गेलेल्यांना आपले मूळ लिहून ठेवण्याची निकड वाटते, याचीच ती खूण. कारकुनाला किंवा शिपायाला मात्र शिलालेख परवडत नाही. त्याचा इतिहास माणसांच्या तोंडी राहतो, आणि तोंडचा इतिहास माणसाबरोबर जातो.

म्हणून आरंभ कागदांपासून न करता माणसांपासून करावा. घरातील सर्वांत वृद्ध आत्या, मावशी, मोठ्या काकू यांच्याजवळ बसावे. त्यांना सन विचारू नये. सन त्यांना आठवत नाही. ‘तुमच्या आजीचे माहेर कोणते?’, ‘दिवाळीला कुणाचे मामा यायचे?’, ‘कुलदैवताला जाताना गाडी कुठे बदलायचात?’ असे विचारावे. मुलींची लग्ने त्या काळी आठ-दहा वर्षांच्या वयात होत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. बोहल्यावर चढताच मुलीचे आडनाव बदलत असे, पुष्कळदा पाळण्यातले नावही. वंशावळीत मग ती ‘अमक्याची पत्नी’ एवढीच उरते. तिचे माहेरचे नाव सापडते ते भलत्याच ठिकाणी: माळ्यावरच्या पितळी घंगाळावर, तांब्याच्या काठावर. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव आणि कधी तिथीही कोरलेली असते. तसेच जात्यावरच्या ओव्यांचे. दळणाऱ्या बाईने आपल्या भावाचे आणि माहेरच्या गावाचे नाव ओवीत गुंफलेले असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ज्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्यांचे दप्तर जात्याभोवती होते.

ऐकलेले मात्र ऐकले तसेच लिहावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात होते. त्यांनी जे पाहिले ते चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढले आणि म्हणून ते वाचले. १९०७ मध्ये वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, पण आपल्या दृष्टीने फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने वाचकांसमोर यायला १९६६ उजाडले. कुणीतरी विचारणारे हवे आणि विचारणाऱ्याने सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

यानंतर ऐकीव गोष्टी गणिताला लावाव्यात. ‘आमचे पणजोबा पानिपतावरून परतताना इकडे राहिले’ असे अनेक घरांत सांगतात. पानिपत १७६१ चे. एका पिढीची २५ ते ३० वर्षे धरली, तर आज चाळिशीत असलेल्या पालकांचे पणजोबा १८९० ते १९१० च्या आसपास जन्मलेले असणार. म्हणून गोष्ट खोटी ठरवू नये. स्मृती मधल्या चार-पाच पिढ्या गाळते आणि दूरच्या पूर्वजाला पणजोबांच्या जागी आणून बसवते. गाळलेल्या पिढ्या शोधणे हेच पुढचे काम.

आता कागदांकडे वळावे. मूळ गाव ठाऊक असेल, तर तालुका कचेरीच्या अभिलेख कक्षात गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, म्हणजे ‘कोतवाल बुक’, मिळू शकते. तिच्यात जमीनदाराइतकीच मजुराच्याही घराची नोंद असते. जमिनीचे फेरफार वारसांची नावे सांगतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंनी स्वहस्ते लिहिलेली कुळी असतात. तेथे सध्याचे शहर सांगून भागत नाही. आडनाव आणि मूळ गाव सांगावे लागते. कोल्हापूर-सांगली-बेळगावकडील शेतकरी घराण्यांची वंशावळ हेळवी सांभाळत आले आहेत. शिवाय रेल्वेचे सेवापुस्तक, निवृत्तिवेतनाचा कागद, जुनी लग्नपत्रिका आणि शाळेचा दाखला, यांतील काहीही क्षुल्लक नाही.

हे कागद वाचताना दोन अडचणी येतात. पहिली मोडी लिपीची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेल्या या लिपीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळत नाहीत. पण काही महिन्यांच्या सरावाने ती साधते. दुसरी अडचण कालगणनेची. शके असेल तर ७८ मिळवावेत, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावेत, निजामाच्या मुलखातील फसली असेल तर सुमारे ५९० मिळवावेत. इंग्रजी वर्ष मध्येच पालटत असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. महिन्यांचीही गफलत होते. मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे महाराष्ट्रातला भाद्रपद वद्य पक्ष उत्तरेत आश्विन कृष्ण ठरतो. पितृपक्ष एकच, महिन्याचे नाव दोन. एकाच व्यक्तीच्या दोन पुण्यतिथी निघाल्या, तर चूक कुणाचीच नसते.

गोष्ट आणि कागद शेजारी ठेवले म्हणजे काय घडते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. समजा, घरात सांगतात की पणजोबा प्लेगाच्या वर्षी भावाशी भांडून, वाटा सोडून रेल्वेत नोकरीला आले. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये. सेवापुस्तकात पणजोबांचा जन्म १८९५ चा निघाला. म्हणजे ती साथ प्लेगाची नसावी. कोतवाल बुकात १९१८ च्या नोंदी पाहाव्यात, तर ‘मानमोडी’च्या साथीत, म्हणजे इन्फ्लुएंझात, भावाचा मृत्यू सापडतो. पुढच्या वर्षीच्या फेरफारात जमीन भावाच्या विधवेच्या नावे लागलेली दिसते. आता भांडण उरत नाही. लहान मुले पदरी असलेल्या भावजयीकडे जमीन राहू देऊन परमुलखात पोट भरायला निघालेला तेवीस वर्षांचा तरुण दिसू लागतो. दोन घरांत तीन पिढ्या धरलेला अबोला एका ओळीने सुटू शकतो.

प्रत्येक ओळ अशी सुखद नसते. दत्तकविधान, दुसरे लग्न, बालवयातले वैधव्य, कर्जापायी गेलेले घर, हेही त्याच वह्यांत असते. ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये’ असे म्हणतात ते यासाठीच. पण केशवपन होऊन स्वयंपाकघराच्या अंधारात आयुष्य काढलेल्या पणजीचे नाव लाजेपोटी वंशवृक्षातून गाळणे म्हणजे तिच्यावरचा अन्याय पुढे चालवणे होय. जे सापडेल ते लिहावे. हयात माणसांचे मन दुखावेल ते वेळ पाहून सांगावे, पण पुसू नये.

शाळेच्या कचेरीतील जनरल रजिस्टर हाही असाच एक दस्तऐवज आहे. साठ वर्षांच्या त्या पानांवर मुलाचे नाव, जन्मस्थान, जन्मतारीख आणि पालकांचे नाव आहे. शाळांच्या रजिस्टरांत १ जून किंवा १ जुलै या जन्मतारखा वारंवार भेटतात; घरात तिथी लक्षात असे, तारीख नसे, आणि प्रवेशाच्या वेळी गुरुजी सोयीची तारीख लिहीत. म्हणून शाळेच्या दाखल्यालाही दुसऱ्या पुराव्याची जोड द्यावी.

या रजिस्टराच्या पहिल्या पानावरची मुले आज आजी-आजोबा आहेत. त्यांचे आई-वडील म्हणजे आज पाचवीत बसणाऱ्या मुलांचे पणजोबा-पणजी. ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला, त्यांच्या हातचे खाल्ले, ती माणसे आज याच सभागृहात बसलेली आहेत. मुलांच्या वहीतील कोऱ्या चौकटींची उत्तरे कोणत्याही कचेरीत जाण्याआधी येथे मिळण्यासारखी आहेत. आज घरी परतल्यावर आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ बसवावे आणि पालकांनी वही उघडावी. आरंभ पणजीच्या माहेरच्या नावापासून करावा, कारण सर्वांत आधी विसरले जाते ते तेच.